व्हिसाच्या पानावरचं स्वस्तिक

८ जानेवारी २००७

एकही परत आलं नाही! फिरायला गेलेली चार पोरं, परका मुलुख, डोंगरातलं लॉज. मालकीण गोड हसते, पासपोर्ट मागून कपाटात ठेवते, आणि मग एकेकाला— शी!

शेजारच्या बाईजाचा भाविक शहापूरच्या दुकानातून सीडी घेऊन आला होता. तो आणि आमचा ओमकार नुसते खिदळत होते. दोघांना मलेशियात हॉटेलात नोकरी लागलीय, पुढच्या आठवड्यात विमान— आणि पिच्चर आणला तो हा! मी डोळे झाकले तर भाविक म्हणतो, "काकी, मरतात ती गिऱ्हाइकं. आमी तर वेटर!"

९ जानेवारी

सीडीचं भाडं आजपर्यंतचं होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून दुपारी एकटीनेच पुन्हा लावली. कुठून सुचलं! संध्याकाळी जपाला बसले, माळ पुढे सरकेना.

११ जानेवारी

ओमकारला विचारलं, तिकडे पासपोर्ट कुणापाशी असतो?

"हॉटेलवाले ठेवून घेतात गो आई. सगळीकडं तसंच."

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पिच्चर बघून पोराला घरी बसवतेस? भातसानगरला कामासाठी चपला झिजवत होता, तेव्हा बरं वाटत होतं?" बोलले ते खरं. पण जीव थाऱ्यावर नाही.

१३ जानेवारी

स्कूटर आली तेव्हा पूजा केली. हिशेबाची नवी वही आणली की आधी स्वस्तिक काढते. हा पासपोर्ट तर पोराला समुद्रापार नेणार! देव्हाऱ्यात ठेवला, व्हिसाच्या पानावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या. आज जरा शांत वाटतंय.

१४ जानेवारी

ओमकार केवढ्याने ओरडला! मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले तर व्हिसाचा छापच उतरला. सगळं पान लाल. एजंट फोनवर म्हणाला, "ताई, हे घेऊन गेलात तर विमानतळावरूनच घरी पाठवतील. सगळं नव्याने करा."

तिळाचे लाडू डब्यात तसेच आहेत.

१७ जानेवारी

भाविक एकटाच गेला. बाईजा त्याला आसनगाव स्टेशनावर सोडून आली ती आत आलीच नाही. दारातूनच म्हणाली, "वयनी, तुमचा रायला घरी. माझा गेला सोबतीशिवाय."

ओमकार जेवला नाही. एवढंच विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

नाही म्हटलं.

"देवीची शपथ घे."

देव्हाऱ्यापुढे बसले. त्या पानावर कुंकवाचं बोट टेकवताना मनात काय होतं? खरंच आठवत नाही. शपथ तोंडातून फुटली नाही.

१८ जानेवारी

उपास. ओमकार ताट घेऊन ओट्यावर जेवला.

९ फेब्रुवारी

भाविकचा फोन! "काकी, अजून जिवंत हाय! मालक बरा हाय. ओमकारची जागा मार्चपर्यंत ठेवतो म्हणलाय."

देवीपुढे नारळ फोडला. ओमकारला पहिल्यांदाच आपणहून म्हटलं, जा बाळा, खुशाल जा. तो पाठ फिरवून अंगणात गेला. राग असेल अजून.

६ मार्च

नवा पासपोर्ट पोस्टाने आला. ओमकारने पाकीटसुद्धा फोडलं नाही. "ठेव तुझ्याच कपाटात. मला नाय जायचं."

मी हसत म्हटलं, अरे, घाबरलास की काय?

हो म्हणाला. "तू एवढी भ्यालीस, ते काय उगाच?"