काचेपलीकडचा मासा

लातूर, एप्रिल, सोमवार

टँकर आजही आला न्हाई. "नळाला पाणी आलं की येते," म्हणून बायको नांदेडला लेकीकडं गेली. घरात काहीतरी हलतं दिसावं म्हणून मी एंजलफिश आणले. दुकानदार सांगत होता, "दोनच नका नेऊ काका, मारामारी करतेत. सहा न्या." सहांना पाणी कुठलं? दोनच आणले. मोठ्यानं धाकट्याचे पर फाडले, तवा टाकीत मधोमध काच घातली. आता मोठाच खाईना झालाय. काचेला तोंड लावून त्या फाटक्या परांकडं बघत राहतो. काच काढू का? पुन्हा फाडले तर?

आत्ताच बायकोला फोन केला. पाणी आलं म्हणून खोटंच सांगितलं.

"बरं झालं," म्हणाली. येते म्हणाली न्हाई.