गिरिजेची दोन वर्षं

१६ जानेवारी १९४७
संपादकमहाशयांनी पुन्हा हत्या केली! धाराशिवच्या कापूसबाजारावर मी पाठवलेल्या बातमीपत्रातले ‘धूलिधूसरित’ आणि ‘शकटश्रेणीसंकुल’ हे दोन निरपराध समास छाटून तिथं छापलं — ‘गाड्या खूप होत्या.’ सोलापूरच्या हवेत माणूस इतका निर्दय होतो? निषेधाचा खलिता लिहिणार होतो. जेवण झालं, झोप आली.

१९ जानेवारी
हैद्राबादेहून सायराबींचं पत्र, उर्दूत. या आमच्या गिरिजेच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. मुलींचा हॉकीचा संघ सिलोनला जायचाय, आणि गिरिजा त्यात निवडली गेली! माझ्या बहिणीची पोर, बेंबळीची — समुद्रापलीकडं! मारुतीरायानंतर तिकडं उडी घेणारी हीच.
मी तिचा खेळ कधी पाहिलेला नाही. गेल्या साली बातमीदार म्हणून गेलो, तर मैदानाला चारी बाजूंनी कनात आणि पुरुषांना मज्जाव. बाहेर उभा राहून काठ्यांचा खटखटाट ऐकला. मधेच आत गलका — ‘गिरिजा! गिरिजा!’ तेवढ्यावर दोन रकाने लिहिले.

२० जानेवारी
पत्राला दुसरं पानही होतं. काल ते इथं उतरवायचं टाळलं.
अठरा पूर्ण असतील त्यांनाच नेणार. शाळेच्या दप्तरी गिरिजा सतराची, आणि दप्तराला आधार तिच्या पत्रिकेचा. बाई लिहितात — मुलगी मला एकोणिसाची वाटते. पत्रिका कुणी केली विचारलं, तर म्हणते आठवत नाही. तुम्ही मामा, तुम्हाला ठाऊक असेल. करणाऱ्यानं खरं साल लिहून द्यावं, तहसीलचा शिक्का घ्यावा. दहा फेब्रुवारीच्या आत कागद इथं हवा.
पत्रिका मी केली. सात वर्षांपूर्वी. शरणम्मा रडकुंडीला आली होती — ‘अण्णा, पोर बाराची म्हटलं की लोक लगीन कवा म्हून इचारतात. दोन वर्सं कमी करा की!’
केली. काशीपर्यंत जाऊन शास्त्र शिकलो, ते या कामी आलं. एक दुपार पुरली.

२४ जानेवारी
कबुलीचा कागद लिहिला. चार ओळी. एकही समास नाही.

२६ जानेवारी
शरणम्मा बेंबळीहून आली. तिला वाचून दाखवला.
‘पाठवू नका, अण्णा.’
‘अगं, तुझीच पोर ना ती?’
‘माझी हाय म्हणून तर पोटात तुटतंय. पण कचेरीत कागद गेला की सांजेपर्यंत गावभर. गुरुसिद्धप्पाच्या लेकीचं लगीन दोन महिन्यांवर आलंय. तिची पत्रिका कुणी केली?’
‘मी.’
‘किती वर्सं खाल्ली तिची?’
‘तीन.’
‘आगाई! मग? एकीचं खोटं निघालं की समद्याच पोरींच्या पत्रिका उलगडून बसतील लोक.’
या गावातल्या निम्म्या मुली माझ्या हातानं लहान झाल्यात.

३० जानेवारी
तहसील कचेरीत गेलो. शिक्का मारणारे पेशकार जागेवर नव्हते. थांबलो नाही.

४ फेब्रुवारी
गेलो नाही.

९ फेब्रुवारी
आता शिक्का मिळाला तरी कागद वेळेत पोचत नाही.

१८ फेब्रुवारी
सायराबींच्या तीन ओळी. गिरिजेच्या जागी दुसरी मुलगी जाणार. ‘असली सेंटर हाफ मला पुन्हा मिळायची नाही.’
सेंटर हाफ म्हणजे काय, मी एकदा गिरिजेला विचारलं होतं. ‘मधी उभं ऱ्हायाचं, मामा. मागच्यांना सांभाळायचं, पुढच्यांना चेंडू द्यायचा. गोल झाला की नाव त्यांचं!’ मी म्हणालो होतो, म्हणजे बातमीदारच की!

३ मार्च
गिरिजा आली. काठी शाळेलाच परत देऊन आली म्हणे. मलाही काहीतरी बोलणं भाग होतं.
‘गिरिजे, ती पत्रिका—’
‘ठाऊक हाय, मामा. कुंडलीला कुंकवाची बोटं मीच लावली होती. बसले तवा बाराची होते, उठले तर दहाची!’ हसली.
‘मग बाईंना नाव का नाही सांगितलंस?’
‘तुमचं नाव मी कसं सांगायचं? आन् बाईंनी तुम्हालाच लिहिलं होतं की.’
मग शेंगा फोडत बसली. सोलून माझ्यापुढंही ठेवल्या मूठभर.

४ मार्च
संघातून तिचं नाव गेल्याचं वाचलं, तेव्हा वाईट नंतर वाटलं. आधी वाटलं — सुटलो. काल समोर बसली असताना माझ्या तोंडावर ते तिला दिसलं असेल, याची धास्ती आहे.