सोळा जेवणांचा सूड

३ मे
बुकिंग झालं. थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये तीन दिवस. आम्ही चौघं आणि बायकोच्या थोरल्या बहिणीकडचे चौघं. आमच्यासाठी मी मील प्लॅन घेतला, पैसे आधीच भरून. साडूने घेतला नाही. म्हणाला, भूक लागेल तेव्हा खाऊ. टाइल्स विकून विकून माणूस असा गुळगुळीत होतो.

मी खरेदी विभागात एकोणीस वर्षं काढली आहेत. तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीसुद्धा घेत नाही. सुट्ट्या जेवणांपेक्षा प्लॅन तीस टक्के स्वस्त पडतो. बायको म्हणाली, सगळं खाल्लंत तर. मुलं तिथे खेळायला येणार आहेत, जेवायला नाही. हिला आकड्यांतलं कळत नाही. वाद घातला नाही.

५ मे
खरं कारण लिहूनच ठेवतो, ही वही कोणी वाचत नाही. मागच्या वर्षी सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. हॉटेलात बिल आलं. मी पाकीट काढतच होतो. पँट नवी, खिसा घट्ट. तेवढ्यात साडूने कार्ड देऊन टाकलं. सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "जावई असावा तर असा." माझा हात अजून खिशात अडकलेला. बायकोचा मामा हसला, तेही मी पाहिलं.

अकरा महिने झाले. एक दिवस विसरलो नाही. उट्टं काढणार, व्याजासकट.

९ मे
योजना पक्की. प्लॅनमध्ये माणशी रोज दोन जेवणं, म्हणजे आमची रोजची आठ. तिथे एक काचेचं बडं रेस्टॉरंट आहे, ते माणशी दोन जेवणं कापून घेतं. दोन्ही घरची मिळून आठ माणसं, सोळा जेवणं. पहिले दोन दिवस निम्मंच खायचं, रोज चार वाचतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. चार, चार आणि आठ.

शेवटच्या संध्याकाळी साडूच्या अख्ख्या खटल्याला जेवू घालणार. तो पाकीट काढेल. मी म्हणेन, "राहू द्या हो, आमचं सगळं आधीच भरलेलं असतं." आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं.

नियमांची सहा पानं छापून घेतली, चार वाचली. बायकोने विचारलं, उरलेली जेवणं दुसऱ्या दिवशी चालतात का. हसलो. आमच्या स्टोअरच्या रजिस्टरात आजची अखेरची शिल्लक तीच उद्याची सुरुवातीची. जगात दुसरी पद्धत नाही.

१७ मे, संध्याकाळी
पोचलो. आमच्या मनगटांवर निळे पट्टे बांधले. जेवण घेताना पट्टा यंत्राला टेकवायचा, की टुंग वाजतं. साडूचं मनगट उघडं. कीव आली.

दोघांत एक ताट. मुलगा म्हणाला, भूक राहिली. म्हटलं, राइडवर बसताना पोट हलकं असावं. तो म्हणाला, पण आपण राइडवर कुठे बसलो? जेवणाच्या रांगेतच दुपार गेली होती, हे खरं आहे.

साडू बाकावर बसून सँडविच खात होता. मग आइस्क्रीम. मग आणखी एक आइस्क्रीम. त्याचा सगळा खर्च टिपून ठेवतो आहे. लुटला जातोय. फार बरं वाटलं.

शिल्लक चार.

१८ मे
मुलगी हरवली. मावशीकडे सापडली, हातात पॉपकॉर्नची बादली. मुलगाही तिथेच, तोंड भरलेलं. स्वाभिमान म्हणून नाही कोणाला. बायकोने जाहीर केलं की घरी पोचेपर्यंत ती माझ्याशी बोलणार नाही, आणि बहिणीबरोबर पाण्याच्या घसरगुंडीवर निघून गेली. तिचं अर्धं ताट मी संपवलं.

साडूने सँडविच पुढे केलं. शत्रूचं अन्न. अर्धंच घेतलं.

शिल्लक आठ.

१९ मे, दुपारी ४
सकाळपासून पोटात अन्न नाही. खोलीतला फुकटचा चहा चार वेळा झाला. मुलं दोन्ही वेळा मावशीकडे जेवली. घरातच फितुरी.

साडूला सातचं आमंत्रण दिलं. म्हणाला, उगीच कशाला खर्चात पडता. उगीच म्हणे. आज त्याची चांगली जिरवतो. पाकीट मुद्दाम खोलीवर ठेवणार. रिकाम्या खिशाने यजमान व्हायचं, त्यातच खरी मजा.

२० मे, सकाळी
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

तिथे बिल जेवणानंतर येतं. सगळे पोटभर जेवले, मी तीनदा वाढून घेतलं. साडूचा हात खिशाकडे गेला. माझं वाक्य मी म्हटलं, अगदी ठरवल्यासारखं. मग चौघांचे पट्टे यंत्राला लावले. आठ टुंग वाजले. नववा वाजेना.

काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, उरलेली जेवणं रोज रात्री बाराला रद्द होतात. पान पाच." मी रजिस्टर मागितलं. तिच्याकडे रजिस्टर नव्हतं. मॅनेजर आला, तोही पान पाच म्हणाला. आठ जेवणांत चार माणसं बसली, उरलेल्या चौघांचे रोख द्या. खोली तिथून पंधरा मिनिटांवर. मी निघालोच होतो. साडूने कार्ड दिलं.

टोमणा नाही, हसू नाही. मी उत्तर तयार ठेवून उभा होतो. तो मुलांना म्हणाला, चला, मोठा पाळणा अजून चालू आहे. सगळे गेले.

हिशेब: चोवीस जेवणांचे पैसे भरले, सोळा वापरली. सुट्ट्या जेवणांपेक्षा पाच टक्के महाग पडली. साडूने भरले ते यात धरलेले नाहीत.

२२ मे
घरी. सासऱ्यांचा फोन आला. दोन कारणं जुळवून मगच उचलला. लागली नाहीत. ते म्हणाले, थोरल्या जावयांनी सगळं सांगितलं. शेवटच्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बड्या हॉटेलात जेवू घातलंत, त्यांना खिशात हातसुद्धा घालू दिला नाहीत. "तुम्हाला मी ओळखलंच नव्हतं," म्हणाले.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

एकोणीस वर्षांत कितीतरी पुरवठादारांची जिरवली. असा सूड मला जन्मात सुचला नसता.

दुपारपासून फोन हातात घेऊन बसलो होतो. बायकोने विचारलं, कोणाला लावताय. म्हटलं, रिसॉर्टला, तक्रार करायची आहे. ती म्हणाली, मग भाऊजींचा नंबर का काढलाय? आणि तिनेच लावून दिला.

मी थँक्यू म्हणालो. साडू म्हणाला, कशाबद्दल?

मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.