दाखल्याला किती दिवस लागतात

प्रिय मुंगीच्या आईस,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटेल, कोर्टाचं काही राहिलं होतं की काय. तसलं काही नाही. मुंगी बरी आहे, मीही बरा आहे, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं तू धड वाचणार नाहीस. चार वर्षांत आपण एकमेकांना दोन ओळींच्या वर काही लिहिलेलं नाही. ताप उतरला, परीक्षा संपली, गाडी इतक्या वाजता पोचेल, एवढंच. आज सुट्टी आहे आणि मी लॅबमध्ये एकटाच बसलोय. मुंगी मैत्रिणीकडे शाळेचा प्रकल्प करायला गेलीय, पाच वाजता तिला आणायला जायचंय. समोर तीन कवळ्या मेणात लावून ठेवल्यात, त्या उद्या द्यायच्या आहेत, पण हात चालत नाही. म्हटलं, तुला लिहावं. घरी लिहायची सोय नाही, ती मागून येऊन वाचते.

‘मुंगी’ हे नाव आता फक्त घरात चालतं, तेही दार बंद असेल तर. मागे एकदा शाळेच्या फाटकापाशी मी सवयीनं ‘मुंगे’ अशी हाक मारली, तर ती खऱ्याखुऱ्या मुंगीला कुणी हाक मारतंय अशा चेहऱ्यानं माझ्या शेजारून निघून गेली. बसमध्ये बसल्यावर शांतपणे सांगितलंन की बाहेर खरं नाव घ्यायचं, नाहीतर हाकच मारायची नाही. खरं नाव घेऊन बघितलं, पण दुसऱ्या कुणाच्या मुलीला बोलावतोय असं वाटायला लागलं. आता मी फाटकापाशी उभा राहून नुसता खोकतो. ते तिला चालतं.

उंचीला माझ्या कानाला लागलीय. चपला तुझ्याच मापाच्या लागतात, हे तिनं तुला सांगितलंच असेल. दातांना तारा लावल्या, ते तू फोनवर पाहिलंस. पण त्यासाठी जबड्याचं माप घेतलं, तेव्हा तो साचा माझ्या लॅबमध्ये येऊ द्यायचा नाही अशी अट तिनं घातली होती, ते तुला ठाऊक नसेल. आठवतं, तिसरीत असताना ती माझ्याकडची एक जुनी कवळी रुमालात गुंडाळून शाळेत घेऊन गेली होती आणि वर्गभर मिरवून आली होती. आता कुणी विचारलं की सांगते, बाबा मेडिकल लाइनमध्ये आहेत. मला हसू आलं. तिच्यासमोर हसलोही. नंतर मात्र बेसिनपाशी उभा राहून ब्रशनं नखांतलं प्लास्टर काढत बराच वेळ गेला.

भांडणंही होतात. गणितात घसरली म्हणून मी तिचा फोन काढून घेतला, तर तीन दिवस अबोला. बोलायचं नाही, पण घर तर चालायला हवं, म्हणून तिनं फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. ‘दूध संपले आहे. कळावे.’ मी खाली लिहिलं, ‘आणले आहे. पोच द्यावी.’ मग ‘उशीचा अभ्रा बदलावा, वास येतो’, त्यावर माझा खुलासा, त्याखाली तिचा शेरा. तिसऱ्या दिवशी फोन परत दिला आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. तुला म्हणून सांगतो, मला वाईट वाटलं. त्या तीन दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं एरवी महिन्यात बोलत नाही. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. दार लोटलेलं असलं तर टकटक करून जायचं, बंद असलं तर जायचं नाही, एवढं मी शिकलोय.

एक दार मात्र विसरता येत नाही. तिला पहिल्यांदा पाळी आली तो दिवस. तू फोनवर होतीस, तुझ्या बाजूनं तुला सगळं माहीत आहे. माझ्या बाजूनं असं, की ती फोन घेऊन न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावलीन. मला वाटलं, पडली की काय, म्हणून दोनदा विचारलं. आतून आवाज आला, ‘आईशी बोलतेय.’ मी स्वयंपाकघरात येऊन दूध तापत ठेवलं आणि ते समोर उभा असताना उतू गेलं. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही, मग चक्क हसू. काय सांगितलंस तिला, कोण जाणे. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता म्हणाली, औषधांच्या दुकानात जायचंय, मी येऊ की तू आणशील. मी आणलं. तीन प्रकारचे पुडे आणले, कुठला लागतो हे विचारायचं धाडस झालं नाही. त्यातला एक तिनं घेतला आणि बाकीचे दोन नीट कपाटात ठेवून मला ‘थँक्यू’ म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं.

त्यानंतर काही गोष्टी माझ्या लक्षात यायला हव्या होत्या, त्या आल्या नाहीत. रक्तदाबाची गोळी घेतली का, हे ती रोज विचारते. मला वाटायचं, मोठी झाली, काळजी करते, बरंय. माझा डबा संध्याकाळी उघडून बघते आणि उरलेलं असलं की चिडते. थंडीत शाळेची तीन दिवसांची सहल होती. सगळा वर्ग गेला, ही गेली नाही. म्हणाली, बसमध्ये मळमळतं. मी विश्वास ठेवला. दोन महिन्यांनी टेबलाचा खण साफ करताना सहलीचा फॉर्म सापडला. सगळा भरलेला, सुंदर अक्षरात. पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी. तो माझ्यापुढे आलाच नव्हता. तेव्हाही मी तिला काही विचारलं नाही. गप्प राहायची माझी खोड तुझ्याइतकी कुणाला माहीत असणार?

गेल्या शनिवारी पालकसभा होती. वर्गशिक्षिका तशा तुटक बोलणाऱ्या, पण सभा संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. बाई चाचरत म्हणाल्या की सांगावं की नाही कळत नाही, मुलीनं घरी बोलू नका म्हटलंय. झालं होतं असं, की मुंगी एकटीच शाळेच्या ऑफिसात गेली होती आणि तिथल्या कारकुनाला तिनं विचारलं होतं, शाळा सोडल्याचा दाखला मिळायला किती दिवस लागतात, अर्ज आईनं केला तर चालतो का, आणि वर्षाच्या मध्येच मिळतो की परीक्षा होईपर्यंत थांबावं लागतं. कारकुनानं सगळं समजावून सांगितल्यावर ‘नको, मी नुसतंच विचारलं’ म्हणून निघून आली. ऑफिसात जायची तिची ही दुसरी वेळ होती. पहिल्यांदा ती गेल्या वर्षी जाऊन आली होती. मी बाईंचे आभार मानले. मुंगी खाली फाटकापाशी थांबली होती.

बसमध्ये शेजारी बसलो. ती खिडकीकडे. मी ठरवलं की आता गप्प बसायचं नाही. विचारलं, तुला आईकडे राहायला जायचंय का? ती एकदम ताठ झाली आणि कुणी सांगितलं म्हणून मलाच उलटं विचारलंन. मग म्हणाली, तसं काही नाही, मैत्रिणीसाठी विचारत होते. मी म्हटलं, गेलीस तरी मला राग येणार नाही. मग काचेकडे बघतच म्हणाली, “आई गेली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, येतेस का म्हणून. मी नाही म्हटलं. कुणीतरी इथं राहायला हवं होतं ना, बाबा.” आणि पुढे, “मी गेले तर तू जेवशील का तरी?”

मी जेवीन म्हणालो. तिला ते पटलं नाही.

नऊ वर्षांची होती ती. कोर्टातल्या बाईंनी विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी ते किती अभिमानानं घरी घेऊन आलो होतो. आपल्या भांडणात तेवढं एक मी जिंकलो असं मला चार वर्षं वाटत होतं. आणि ती इथं का राहिली, ते तुला ठाऊक होतं. ती तुझ्याशी हे बोलली असणारच, आणि इतक्या वेळा आपली वादावादी झाली, मी तुला नाही नाही ते बोललो, तरी हे तू एकदाही माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. तेव्हा तू म्हणायचीस की या घरात भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मला तो टोमणा वाटायचा. आता ती पोर त्याच भिंतीला धरून उभी आहे, भिंत पडू नये म्हणून.

तर पत्र लिहायचं कारण हे. तिला तुझ्याकडे यायचंय आणि ती ते स्वतःहून कधी म्हणणार नाही. मी विचारलं तर नाही म्हणेल, तू ‘येतेस का’ विचारलंस तर पुन्हा नाहीच म्हणेल, कारण हो म्हटलं की बापाला सोडल्याचं पाप आपल्या माथी, असं तिनं मनाशी धरलंय. म्हणून तिला विचारू नकोस. परीक्षा संपली की सरळ सांग, मला तू इथं हवी आहेस, मी तुझ्या बाबाशी बोलून ठरवलंय. आम्ही मोठ्यांनी ठरवलं म्हटल्यावर तिच्या डोक्यावर काही राहणार नाही. ती चिडेल, रडेल, माझ्याशी भांडेल, म्हणेल की मला कुणी विचारलंच नाही. ते मी निभावून नेईन. लॅबमध्ये मला संध्याकाळची पाळी मिळतेय, तिला एकटं ठेवणं जमणार नाही, असं मी सांगणार आहे. ती पाळी मी खरंच मागून घेईन, म्हणजे खोटं ठरायला नको. तिला झोपेतून उठवताना दिवा लावू नकोस, पडदा सरकव. डोकं दुखतंय म्हणाली तर आधी शाळेत काय झालं ते विचार. दाखल्याचा अर्ज मी भरून सोबत ठेवलाय. त्यावर पालक म्हणून माझी सही केलेली आहे, तुझी तेवढी कर.

मुंगीचा बाबा