मराठी छान बोलता

गुरुवार, संध्याकाळ. पुण्यात सहावा दिवस.

कसबा पेठेत तांब्या घ्यायला गेले होते. दुकानातल्या काकांना मराठीत म्हटलं, तो तांब्या दाखवा. ते हिंदीत बोलले. मी पुन्हा मराठीत, ते पुन्हा हिंदीत. शेवटी चष्मा वर करून म्हणाले, "मराठी छान बोलता. कुठे शिकलात?"

"घरी. मॉरिशसला."

"घरी शिकत नाहीत हो, घरी बोलतात." आणि तांब्या कागदात गुंडाळून दिला.

राग यायला हवा होता. आला नाही, रडूही आलं नाही. विश्रांतवाडीपर्यंत बसमध्ये तांब्या मांडीवर धरून बसले, एवढंच. मराठी छान बोलता. इथल्या कुणाला असं म्हणतात का कधी? कॉलेजच्या एक्स्चेंजसाठी दुसरी शहरंही होती. पणजोबांची भाषा म्हणून मीच पुणं मागून घेतलं.

आत्ता आईचा फोन आला. "आपल्या माणसांत बरं वाटतंय ना गं?"

'हो' ओठांवर आलं होतं. पण तेही 'छान मराठी'च वाटलं असतं. मग तेच आमच्या बेटावरच्या क्रिओलमध्ये म्हटलं, "वी."

घरात फक्त मराठी, हा आईचाच नियम. पण जेवलीस का, हे तिनेही क्रिओलमध्येच विचारलं.