स्टीलच्या डब्यातला गेम

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
ता. ११ डिसेंबर २०२४, बुधवार

चि. तनुजास,

आजीचा आशीर्वाद. इथं सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा सोडून, पण गुडघ्याला मी सगळ्यांत धरत नाही. तुझी खबर तुझ्या आईच्या फोनवरून कळते. तिचं फोनवर बोलणं म्हणजे आधी रडणं, मग "जेवलीस का", मग पुन्हा रडणं. त्यातून तुझी तब्येत निवडून काढावी लागते, तांदळातून खडे काढावेत तशी. म्हणून कागद घेतला. मी चौथी शिकलेली. तुझा नवरा मास्तर आहे, त्याच्या हातात हा कागद देऊ नकोस, लाल पेन घेऊन बसेल.

या पार्सलात शेंगा आहेत, लाह्या आहेत, कवठाची चटणी आहे. चटणी बेतानं खा. सगळ्यांत खाली कापडात गुंडाळलेला स्टीलचा डबा आहे. त्यात खायचं काही नाही, झाकण उचकटत बसू नकोस. तो गेम आहे. तोच, तू लहानपणी टीव्हीला लावून खेळायचीस तो, पिवळ्या कॅसेटींचा. आता त्याला टीव्ही लागत नाही. डब्यालाच काच आहे, डब्यालाच बटणं आहेत. उशीला टेकून मांडीवर घ्यायचा आणि खेळायचं. डब्यावर नाव टाकलंय आणि खाली "आजीकडून" असं आहे, ते वाचलं असशीलच.

कसा झाला ते सांगते. मागं तू आईला म्हणालीस की डॉक्टरीणबाईनं पडून राहायला सांगितलं, टीव्ही पुढच्या खोलीत, तिथं सासऱ्यांची मंडळी बसलेली, आणि मी आत पंख्याकडं बघत पडलेय. मोबाइल बघितला की मळमळतं. माझा तो गेम असता तर बरं झालं असतं. असं हसत म्हणालीस. तुझ्या आईचे हात कणकेत होते म्हणून फोन मोठ्यानं लावलेला, सगळ्या घरानं ऐकलं. मग मी गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याला गाठलं. म्हटलं, हा गेम पोरीला हातात धरता येईल असा करून दे. तो हो म्हणाला. झालं.

माणूस कामाला बरा आहे, पण विक्षिप्त. त्याच दिवशी माळ्यावर चढला, खाली आला तेव्हा डोक्याला जाळी आणि काखेत गेमचं खोकं. तुझ्या आईनं विचारलं काय शोधत होता, तर म्हणे उंदीर झालेत का बघत होतो. रोज शेंद्र्याच्या कंपनीतनं ड्युटी करून यायचा, पाय धुवायचा नाही, तडक गच्चीवर. मग वरनं डांबराचा जळका वास यायचा आणि शिव्या. मी खालनं ओरडायचे, आरं जेवून घे, भाकरी वाळली. तर म्हणायचा, माय, वायर हातात आहे, गप बस.

बरं, पुरे. मला खोटं बोलायला येतं, लिहायला येत नाही. तुझ्या बापानं केलाय.

त्यानं मला गळ्याची शपथ घातली होती की तनूला सांगायचं नाही. मी आता पिकलं पान, शपथ मोडून माझं काय व्हायचं राहिलंय. आणि शपथ त्याच्या गळ्याची घातली होती, ती मी मनातल्या मनात वेशीवरच्या दगडाच्या गळ्यात बांधली. तू काळजी करू नकोस.

आता थांबते, त्याची गाडी वाजली.

(गुरुवार सकाळ. काल कागद पोळपाटाखाली सारला होता. पीठ लागलंय, झटकून वाच.)

तर आधी मुद्द्याचं. तुझा सातवा सरत आला. पुढच्या आठवड्यात आठवा लागेल आणि आठव्यात आपल्यात पोटुशीला हलवत नाहीत, तुला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता गाडीनं सावकाश जायला हरकत नाही. पहिलं बाळंतपण माहेरात व्हावं असं तुझ्या आईला वाटतं, मला वाटतं, गल्लीतल्या भामाबाईला सुद्धा वाटतं, आणि तिचा काही संबंध नाही. आणि तू काय म्हणालीस? "पप्पा स्वतः न्यायला आले तर येईन." तो काय म्हणतो? "तिनं एकदा तोंडानं बोलवावं." दोन वर्षं झाली, तू तिकडं नांदेडला दाराकडं बघतेस, हा इकडं फोनकडं बघतो. एका साच्यातली दोन भांडी तुम्ही, आणि आपटायचं मात्र माझ्या डोक्यावर.

जात वेगळी हे अबोल्याचं कारण होतं, मी झाकत नाही. आपल्या देवगावच्या भावकीनं त्याला काय काय ऐकवलं ते मी तुला लिहिणार नाही. पण त्याला डाचलं ते वेगळंच. तू कोर्टात सही करून आलीस आणि मग फोन केलास. तो तुझ्या आईला म्हणाला, मला आधी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, भांडायला तरी मिळालं असतं. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिलं.

आता गेमचं ऐक, कारण त्याची गंमत तुला कळेल, मला नाही.

काच म्हणजे कार मागं घेताना पुढं दिसतो तो छोटा टीव्ही. भंगारातनं आणला. बॅटरी कुण्या मेलेल्या कॉम्प्युटरची. आवाजाला दारावरची बेल फोडली, आता लोक दार बडवतात. दोन रिमोट होते ना, त्यातला एक चिरून अर्धा डावीकडं लावला, अर्धा उजवीकडं. हे सगळं त्यानं आधी प्लास्टिकच्या टिफिनात बसवलं. मला दाखवायला आणला. मी म्हटलं, हे काय?

"गेम."

"ते दिसतंय. नाव कुठं टाकणार?"

"नाव कशाला, माय?"

"लेकीला बिननावाचं भांडं देतात व्हय? सासरी चार बाया हातात घेऊन उलटंपालटं करून बघतील. प्लास्टिकवर नाव टिकतं का? स्टीलच्या डब्यात बसव."

तो म्हणाला स्टीलमध्ये नाही चालत, डब्यात वीज उतरते. मी म्हटलं, तुमच्या कंपनीतल्या मशिनी काय लाकडाच्या असतात? यावर त्यानं टिफिन काखेत मारला आणि वर गेला. हा त्याचा दोष आहे. बरोबर असून गप्प बसतो आणि चूक असला की बोलतो.

मग माझा चांगला जाड डबा घेतला, ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडनं त्याला भोकं पाडून आणली, कानसनं कडा घासल्या. बोटं कापून घेतली. सगळं आत बसवलं, खटका दाबला, आणि डब्यातनं धूर. काच गेली. सगळा मसाला जळाला म्हण ना. तो डब्याकडं बघत बसला.

"माय, तुझ्यामुळं झालं हे."

"माझ्यामुळं तू पण झालास, त्याचं बोल."

तो हसला. तुझी आई भाजी चिरत होती, तिची विळी थांबली. दोन वर्षांत घरात तो आवाज नव्हता.

दुसऱ्या रविवारी दुसरी काच आणली, जळालेल्या वायरी बदलल्या. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून डब्याला आतनं अस्तर लावलं, बाळाच्या दुपट्याला लावतात तसं, कोपरे दुमडून. मग चालला. आता धूर येत नाही, मी माझ्या हातानं तासभर धरून बघितलाय. गरम होतो, पण भाकरीच्या टोपल्याइतकाच.

मग त्याला तपासायचं वेड लागलं. रोज गच्चीवर बसून तपासायचा. तुझी आई वर गेली की म्हणायचा, जोड बघतोय. जोड कसला, रणगाड्यांचा खेळ खेळत होता. तो आठवतो का, दोन रणगाडे, मधी विटांचं घर, चहूकडनं दुश्मन येतात आणि घर राखायचं. तू आणि तो लावून बसायचात आणि माझी मालिका बुडवायचात. मी परवा जवळ जाऊन बघितलं. एक रणगाडा पळतोय, ठो ठो करतोय, दुसरा कोपऱ्यात नुसता उभा.

म्हटलं, "हा का हलत नाही?"

"त्याला माणूस नाही."

"मग एकट्याचा खेळ लाव की."

"असाच बरा आहे," म्हणाला.

डब्याच्या कुशीला एक जादा भोक दिसेल, ते दुसऱ्या रिमोटचं आहे. रिमोट पार्सलात शोधू नकोस. तो त्यानं आपल्या कपाटात, पगाराच्या कागदांवर ठेवलाय. का ठेवलाय ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस, सांगता आलं असतं तर ठेवला नसता.

आता नावाचं. ते लिहायचं मी टाळत होते.

शनिवारी गाडीवर बसून गुलमंडीला गेलो, भांड्यावर नावं टाकणाऱ्याकडं. तिथं गर्दी, लगीनसराई. कुणाची कळशी, कुणाचं ताट, पाच-सहा बाया ओळीत. आमची पाळी आली. त्यानं मशीन हातात घेतलं, डबा फिरवून बघितला, भोकं बघितली, आम्हाला दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "क्या नाम डालना, मामू?"

तुझ्या बापानं माझ्याकडं बघितलं. मी कळशीकडं बघायला लागले. पोरी, मला तोंड बंद ठेवायला किती कष्ट पडतात तुला ठाऊक आहे. पण मी बोलले असते तर ते नाव माझं झालं असतं.

"बोलो ना, लाइन लगी है पीछे."

"तनुजा," तुझा बाप म्हणाला.

"सिर्फ तनुजा? शादी हुई ना? पूरा बोलो."

ओळीतल्या सगळ्या बाया बघत होत्या. तुझा बाप मशीनजवळ सरकला. म्हणाला, "आधी सौभाग्यवती लिही. सौभाग्यवती तनुजा सुदर्शन," आणि मग तुझं सासरचं आडनाव. ज्या आडनावावरनं घरात ताट फेकलं होतं ते. मोठ्यानं सांगितलं. नाववाल्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. मशीन घुरघुरायला लागलं आणि ते नाव स्टीलवर बसलं. तुला ठाऊक आहे, आपल्यात भांड्यावर टाकलेलं नाव कुणी खोडत नाही. भांडं मोडीत जातं, नाव जात नाही.

मग त्यानं विचारलं, "किसकी तरफ से?"

आणि तुझा बाप म्हणाला, "आजीकडून टाक."

परत येताना मी गाडीवर मागनं म्हटलं, "त्या डब्याला माझं एक बोट लागलं नाही. लागलं तेव्हा धूर निघाला. माझं नाव कशाला?"

तो गाडी हाकत राहिला. क्रांती चौक गेला. मग म्हणाला, "बापाकडून म्हणून लिहायला तोंड पाहिजे, माय."

मी त्याला खूप काही सुनावणार होते. पण तो डोळे पुसत एका हातानं गाडी चालवत होता, आणि रस्त्यात खड्डे. म्हटलं आधी घरी पोचू.

म्हणून हा कागद. त्या डब्यावर माझं नाव खोटं आहे, आणि स्टीलवरचं खोटं मला रात्रंदिवस टोचतं. तो तुझ्या बापाकडून आहे, भोकापासून अस्तरापर्यंत.

आता नीट वाच, आणि मास्तरांना ऐकवू नकोस, नाहीतर ते लगेच हुशारी करतील.

डबा चालू होणार नाही. खटका कितीही दाब. पार्सल शिवायचं काम माझ्याकडं आहे, तुझा बाप ड्युटीवर आहे. मी मागचे स्क्रू काढले, बॅटरीची लाल वायर उपसली, टोकाला चिंधी गुंडाळली आणि स्क्रू पुन्हा बसवले. भीती नाही. मोडलं काही नाही, पण कुठं काय निघालंय ते बाहेरच्याला सापडायचं नाही.

पार्सल मिळालं की तू बापाला फोन कर. आईला नाही, बापाला. नमस्कार-चमत्कार, माफी, रडणं, काही करू नकोस, तो घाबरून फोन ठेवील. फक्त एवढंच म्हण, "पप्पा, गेम चालत नाही." त्याला बोलावलं असं तुला वाटणार नाही, आणि बोलावलं नाही असं त्याला वाटणार नाही. तो म्हणेल खटका दाब, दाबून बघितला म्हण. तो म्हणेल चार्जिंग कर, केलं म्हण. मग तो गप्प होईल. तू पण गप्प राहा. तेवढं गप्प राहणं तुला जमलं की दुसऱ्या दिवशी तो पक्कड घेऊन तुझ्या दारात.

आला की आधी जेवायला वाढ, मग डबा दे. ताटावर सुदर्शनरावांना शेजारी बसव. बोलले नाहीत तरी चालेल, दोघांनी एकदा एका पंगतीला जेवावं. वायर जोडायला त्याला पाच मिनिटं लागतील, पण तो दुपार लावील. लावू दे. आणि निघताना तुझी पिशवी दारात भरलेली असू दे. तो विचारणार नाही, उचलेल.

तो कारनं येईल असं मी बघते. शेजाऱ्यांच्या गाडीचं मी आधीच बोलून ठेवलंय, मागच्या सीटवर तुला आडवं होता येईल. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही, ती आनंदानं सगळं सांगून बसेल.

वाट बघते असं लिहायची मला सवय नाही. आतल्या खोलीत सकाळचं ऊन येतं तिथं बाज सरकवून घेतलीय, एवढंच.

आठवा लागायच्या आत ये. मी हे तुझी आजी म्हणून सांगत नाही. आजी काय, नांदेडला येऊन तुला बघून जाईल.

त्याची माय,
दगडाबाई