मोठ्या पडद्यावरचं नाव

प्रिय मैत्रिणी,

शाळेत तुला 'मोठ्या बाई' म्हणावं लागतं. हे घरून लिहितेय, म्हणून अगं-तुगं.

ते एक्झिट तिकीट आपण दोघींनी सुरू केलं तेव्हा तू माझ्यासारखीच गणिताची बाई होतीस. तास संपायला पाच मिनिटं उरली की मुलं टॅबवर दोन प्रश्न सोडवायची आणि काय अडलं ते एका ओळीत लिहायची. नाव टाकायचं नाही, हा हट्ट तुझाच. तू म्हणाली होतीस, "नाव आलं की पोरं खोटं बोलतात गं." शेवटच्या बाकावरची ती पोरगी, वर्षभर तोंड उघडलं नाही म्हणून जिला मुलं गप्पी म्हणायची, तिनं एकदा लिहिलं, 'ऋण गुणिले ऋण धन का? मला काहीच कळलं नाही.' तिनंच लिहिलंय हे मला पुढे कळलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाठ फिरवून उलटी चालले, दोनदा उलटं म्हणजे पुढेच, असं सगळं पुन्हा शिकवलं, टेबलावर आपटले, आणि गप्पी चक्क हसली. "आता कळलं," म्हणाली. हे मी तुला सांगितलं तेव्हा तुझे डोळे भरून आले होते.

मग तू मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसलीस आणि तिकिटावर नाव आलं. हिरवं म्हणजे समजलं, लाल म्हणजे नाही. ज्या वर्गात लाल जास्त, त्या बाईंना तुझ्या खोलीत बोलावणं. इतरांनी शहाणपणा केला, उत्तरं आधीच फळ्यावर लिहून टाकायला लागले. मी मुलांना खरं तेच लिहायला सांगत राहिले. "तुझ्याच वर्गात बरं एवढं लाल?" असं तू मला विचारलंस, तेही शिपायासमोर.

पालकसभेत तू त्या हिरव्या-लाल तिकिटांचा तक्ता मोठ्या पडद्यावर लावलास. गप्पीचं नाव सगळ्यांत खाली, लालभडक. तिचा बाप उठला, तिच्या दंडाला धरून सभेतून निघून गेला. तू पुढचा तक्ता लावलास. ती शाळेत परत आली नाही. मी त्यांच्या इस्त्रीच्या दुकानात गेले, तर बाप म्हणाला, "आणखी किती हसं करणार पोरीचं?" ती मागे घड्या घालत होती. मला सोडायला दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी बाकीच्यांसारखं हिरवं केलं असतं तर चाललं असतं ना?" याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर तिला जाऊन सांग.

काल तुझा शिपाई पाकीट देऊन गेला. या उपक्रमासाठी तुझा सत्कार आहे, 'सुरुवातीपासूनची सोबतीण' म्हणून मी चार शब्द बोलायचेत, आणि ते चार शब्दही तूच लिहून पाठवलेस. त्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: 'आमच्या शाळेत एकही मूल मागे राहिलं नाही.' हे माझ्या तोंडून वदवून घ्यायला तुला काहीच वाटलं नाही का गं? मी येणार नाही, हे कळवायला हे पत्र. राजीनामा वेगळा पाठवलाय. तो मोठ्या बाईंना आहे, त्यात नियमाप्रमाणे 'वैयक्तिक कारण' लिहिलंय. खरं कारण तुला तरी कळावं, एवढी मैत्री अजून शिल्लक होती. ती या पत्राबरोबर संपली.

एकेकाळी तुझीच असलेली,
शेजारच्या वर्गातली बाई